विहिरीपलीकडची घरं

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
९ फेब्रुवारी १९९७

ती. दादा,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी कान पकडते. ऑफिसचं कारण सांगणार होते, पण ते खरं नाही. रोजनिशी रोज लिहिली, मग तुलाच का नाही, असं स्वतःला विचारलं आणि आज लिहायला बसले. फोन करायचा तर तो फ्लॉसीच्या घरी. तू तिच्या ओटीवर उभा, ती शेजारी बसून मासे साफ करणार, आणि घरातलं बोलणं सगळ्या करंजवाडीला कळणार. त्यापेक्षा पत्र बरं.

तर बातमी अशी की माझ्या विघ्नेशच्या बँडचा आल्बम पुरा झाला. बँडचं नाव ‘खारवारा’ हे तुला ठाऊक आहेच. गिटार आणि गाणं विघ्नेशचं, बेस गिटार पॉलची, ड्रम्स फ्लॉसीच्या हिलरीचे. हे रॉक असलं तरी सिनेमातल्यासारखं नाही म्हणे. आपलं आपण लिहिलेलं, खरखरीत, म्हणून त्याला ‘ऑल्टरनेटिव्ह’ म्हणतात. मला त्यातली अर्धी गाणी आवडतात. उरलेल्यांत पोरं नेमकी कोणावर एवढी चिडलेली आहेत ते कळत नाही.

त्यातल्या एका गाण्यासाठी वहिनीचं रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी मी रजा टाकून सोबत गेले होते, ते सांगायचं राहिलं. अंधेरीचा स्टुडिओ, भिंतींना स्पंज लावलेला, दार लावलं की कानात दडे बसतात. वहिनीनं अंबाड्यावर अबोलीचा गजरा माळला होता. त्यावर हेडफोन चढवायला ती तयार होईना. शेवटी एकच कान झाकायचा असं ठरलं. तिथल्या रेकॉर्डिस्टनं आपल्या आवतणाच्या गाण्याला सरळ कोळीगीत म्हटलं आणि मधे मधे ‘हे हे’ घालाल का असं विचारलं. माझा पारा चढला. वहिनी मात्र शांतपणे म्हणाली की ती गाते ते आवतन आहे, त्याला नाच नाय.

अर्ध्यावर तिला खोकला आला. रेकॉर्डिस्ट म्हणाला की थांबलात तिथून पुढं गा, आम्ही जोडून घेऊ. वहिनीनं नकारार्थी मान हलवली. आवतण मधे तुटलं की परत देवांपासून सुरू करायचं, हा नियम त्याला काय माहीत. तो घड्याळाकडे बघत होता आणि ती गावदेवीला पुन्हा हाक मारत होती. मागे ‘या गो या’ची झेल धरायला मी आणि ही तिघं पोरं. हिलरीला ‘या गो या, मांडवाखाली’ म्हणताना ऐकून मला हसू आवरेना.

वहिनीनं गायला होकार दिला तो एका अटीवर, की आवतणात ज्यांना नाव घेऊन बोलावतात त्यांतलं वाडीतलं एकही घर गळता कामा नये. विघ्नेशनं तिच्या पायाला हात लावून कबूल केलं. पुढच्या शनिवारी वसईत छोट्या हॉलमध्ये कॅसेटचं प्रकाशन आहे. तू कानांत कापूस घालून ये, पण ये. रिद्धीच्या लग्नाची तयारी कुठवर आली ते कळव. वैशाख काही लांब नाही.

घरच्या केळ्यांइतकीच माया पाठवत राहा. इथे दोन्ही विकत मिळत नाहीत.

तुझी,
विनया


करंजवाडी, वसई
६ मार्च १९९७

चि. विनीस,
अ. उ. आ.

प्रकाशनाला आलो नाही, कारण बागेला पाणी सोडायची पाळी होती. आता वाटतं, आलो असतो तर तिथंच उभा राहून चार शब्द ऐकवले असते.

तुझ्या मुलानं मामीला कॅसेट पाठवली. ही इतकी हरखली की मंगळवारी वाडीतल्या बायांना ऐकायला बोलावलं. पोहे केले, चहा ठेवला, शेजारून मोठा टेपरेकॉर्डर आणला. फ्लॉसी तेवढी आली नाही. तिचा उपासकाळ चालू आहे, ईस्टरपर्यंत गाणं ऐकत नाही. बाकी झाडून सगळ्या आल्या.

गाणं लागलं. गावदेवीला हाक झाली, मारुतीला झाली. मग माझं नाव, ‘नरहरीच्या घरची, या गो या’. बाया हसल्या, हिला कोपरानं ढोसलं. आणि पुढं कुणाचं नाव येतंय म्हणून सगळ्या कान देऊन बसल्या, तर गिटारचा कडकडाट आणि विघ्नेशचं ओरडणं. मग दुसरं गाणं. त्यांना वाटलं उरलेलं दुसऱ्या बाजूला असेल. कॅसेट उलटली. तिथंही नाही.

तू वाडीत वाढलीस, तुला समजावून सांगायला नको. विहिरीच्या अलीकडे आपलं एकट्याचं घर, पलीकडे सगळी वाडी. त्या गाण्यात तुझ्या वहिनीनं देवांना बोलावलं, स्वतःच्या घराला बोलावलं आणि तोंड मिटलं. आता ते गाणं दुकानात विकायला ठेवलंय.

शत्रुघ्नची आई सगळ्यांत आधी उठली. पोहे तसेच ठेवले. दारात वळून म्हणाली, “आमाला आवतन नाय, आमी कशाला येव?” बोलली ती त्या चहाबद्दल नाही, रिद्धीच्या मांडवाबद्दल. मागोमाग बाकीच्या गेल्या. हिनं किती सांगितलं की मी सगळी घरं गायले, विनी साक्षीला होती. पण ऐकणाऱ्यानं कानानं ऐकलं ते खोटं कसं म्हणायचं?

लग्नाला जेमतेम दोन-सव्वादोन महिने उरलेत आणि मांडवात झेल धरायला एक बाई येणार नाही. मला गाण्यातलं कळत नाही, रॉकमधलं तर मुळीच नाही. पण पायाला हात लावून शब्द देणं मला कळतं. हे कोणी केलं ते मला लिही. कंपनीनं केलं असेल तर तिचा पत्ता दे, आणि विघ्नेशनं केलं असेल तर त्याचा पत्ता माझ्याकडे आहे.

जितेंद्ररावांना नमस्कार. तुझ्यावर राग नाही, असं लिहायला बसलो होतो. थोडा आहे.

तुझा,
दादा


मनवेलपाडा
१३ मार्च १९९७

ती. दादा,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून मी जेवले नाही. प्रकाशनाच्या दिवशी हॉलच्या दारात पाहुण्यांना पाणी देत होते, त्या गोंगाटात मलाही कळलं नाही की गाणं कापलंय. टाळ्या मात्र मी वाजवल्या. त्याची चीड वेगळीच.

सोमवारी हाफ डे टाकून कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब गोड बोलले, चहा मागवला. म्हणाले की गाणं नऊ मिनिटांचं, चारच्या पुढं गेलं की रेडिओ घेत नाही. मी म्हटलं, त्या गाण्यात नावांखेरीज आहे काय? नावं काढलीत तर बाईनं गायलं काय? त्यावर ते हसून म्हणाले, “बाई, टेलिफोन डिरेक्टरी कोण ऐकणार?”

दादा, मी आयुष्यात कधी ऑफिसात आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला. म्हटलं की तुमच्या लेखी ती यादी असेल, आमच्याकडे त्या एकेका नावावर माणूस उठून मांडवात येतो आणि नाव नसेल तर येत नाही. तुम्ही एका बाईचं बोलावणं अर्ध्यात मोडलंत आणि वर ते विकताय. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. मला लाज वाटली नाही.

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग जे सांगितलं ते मी बसून ऐकलं. कुठं कापायचं ते विघ्नेशनंच दाखवलं होतं, त्यांच्या शेजारी बसून.

घरी येऊन त्याला विचारलं. तो जेवत होता. खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवते. म्हणाला की साहेब देवांवरच गाणं संपवत होते. तो त्यांच्याशी भांडला. मामीचं घर तरी राहिलंच पाहिजे, नाही तर आल्बमच नको, इथपर्यंत गेला. “आई, मी मामीसाठी भांडलो,” असं तो मला सांगत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट होती.

ते देवांवर थांबले असते तर काही बिघडलं नसतं. सगळी वाडी सारखीच बाहेर राहिली असती, कोणी वाईट मानलं नसतं. परक्या माणसानं आंधळेपणानं कापलं असतं तेही परवडलं असतं. ह्यानं मायेनं नेमकं तेच एक घर ठेवलं. मी ओरडले. कार्ट्या, ज्या घरचं बोलावणं आहे तेच घर तेवढं ठेवतात का रे? तर म्हणाला, मला कोणी सांगितलं कधी?

रात्री रोजनिशीत ह्या प्रश्नापुढं थांबले. सांगितलं कोणी? तो इथे वाढला, जिथे दारावर पाटी वाचून माणूस ओळखतात. वाडीत तो सुट्टीला यायचा, तेही आंब्यांसाठी. पण हे लिहिताना मी त्याची वकिली करतेय की माझी, तेही मला नीट ठरवता येत नाही. ‘हे’ म्हणतात, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, पोराचा पहिला आल्बम आहे. मी ह्यांच्याशीही बोलत नाहीये.

विघ्नेश म्हणतो की पुढच्या खेपेला कॅसेटच्या आतल्या कागदावर सगळ्या घरांची नावं छापून घेईन. वहिनीला विचारून बघ.

तू थोडा राग आहे म्हणालास. तो माझ्याकडेच राहू दे, तिला नको.

तुझी,
विनया


करंजवाडी
५ एप्रिल १९९७

चि. विनीस,
अ. उ. आ.

छापलेल्या नावांचं हिला सांगितलं. ती फक्त एवढंच म्हणाली की कागद वाचून कोणी कुणाच्या मांडवात येत नाही.

आता झालं ते ऐक. गुढीपाडव्याची वाट बघायची म्हणत होतो, तर ही त्याच्या आधीच एका सकाळी निघाली. मुलीच्या आईनं दारोदार फिरून बोलावू नये, त्यासाठीच तर गाणं असतं, हे मी तिला सांगायला हवं होतं असं नाही. तिनंच मला शिकवलेलं. रिद्धी रडली, आई नको जाऊस म्हणाली. तरी गेली. विहीर ओलांडली आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. दारात उभं राहायचं, नाव घ्यायचं, या म्हणायचं. गुडघा सुजलेला, हातात काठी. लग्नघरची बाई काठी टेकत फिरतेय हे सगळ्या वाडीनं बघितलं. मी मागून चाललो होतो, कारण एकटीला सोडवेना. कुणी पाट दिला, कुणी नुसतं बरं म्हटलं. शत्रुघ्नच्या आईनं तिला बराच वेळ पायरीखाली उभं ठेवलं. मग पाणी आणलं आणि स्वतः रडली. विनी, मला कुणाचा राग यावा हे त्या वेळी समजेना, म्हणून तो अजून तसाच आहे.

ईस्टर झाल्यावर आम्ही दोघं फ्लॉसीकडे गेलो. हिलरीनं आईला आधीच सगळं सांगून टाकलं होतं, कॅसेट लावायच्या आत. नाक्यावरचं त्यांचं घर आपल्या आवतणात शेवटचं, आणि त्यांच्या लग्नाच्या गाण्यात आपलं. असं दोन पिढ्या चालत आलेलं. फ्लॉसी भांडली नाही. विनीला इथून फोन लावू का असं मी तिला विचारलं, तर म्हणाली फोन बिघडलाय. आम्ही तिथं उभे असतानाच तो वाजला. तिनं उचलला नाही. हिलरीनं बँड सोडला असं ऐकतो. तू विचार.

बाया आता मांडवात यायला तयार आहेत. त्यांचं म्हणणं एकच, आवतण पुरं गायलं गेलं पाहिजे, देवांपासून नाक्यापर्यंत. पण ही गाणार नाही म्हणते. बागेत फुलं तोडताना गुणगुणायची तेही थांबलंय. म्हणते, “माझ्या तोंडून आता ती कॅसेटच ऐकू येईल.” मी समजावलं, रिद्धीनं समजावलं. ऐकत नाही. वाडीतल्या दुसऱ्या कुणालाही सगळी घरं ओळीनं येत नाहीत. झेल धरणाऱ्या पुष्कळ, पुढं होणारी ही एकटीच.

म्हणून तुला लिहितो. तू ह्या घरची लेक. स्टुडिओत तिच्या मागं उभी होतीस, आणि त्या साहेबासमोर नावांसाठी भांडलीस असं स्वतःच लिहिलंस. तुझ्या मुलानं हिचं तोंड बंद केलं. मांडवात आता तू पुढं हो. हे विचारत नाही, सांगतो.

रिद्धीचा तुला नमस्कार. ती तुझ्या उत्तराची वाट बघते आहे, मी नाही बघत असं दाखवतो.

तुझा,
दादा


मनवेलपाडा
१२ एप्रिल १९९७

ती. दादा,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी विघ्नेशला मोठ्यानं वाचून दाखवलं. काठीपर्यंत आले तेव्हा त्यानं गिटार खाली ठेवली. पत्र संपल्यावर म्हणाला की कंपनीला सांगून गाणंच काढून टाकू. मी म्हटलं, म्हणजे आता तिचं घरही कापणार? तुला कापण्याखेरीज काही सुचतं का? हे जास्त झालं असेल. परत घ्यावंसं मात्र वाटलं नाही.

हिलरीनं बँड सोडला हे खरं आहे. तो येऊन मला सांगून गेला. विघ्नेशशी भांडण नाही म्हणाला, पण आईच्या समोर जेवायला बसतो तेव्हा घास उतरत नाही. पुण्याचा कार्यक्रम रद्द झाला. कंपनीचे साहेब मात्र खुशीत आहेत, कारण रेडिओवर ते गाणं रोज लागतं. काल आमच्या ऑफिसातल्या एकीनं ते गुणगुणलं, ‘नरहरीच्या घरची’, आणि मला विचारलं की किती गोड आहे नाही? मी टेबलावरून उठून गेले.

तुझ्या सांगण्याला मी मनातल्या मनात लगेच हो म्हटलं होतं. खरं तर अभिमानच वाटला. लेकीनं उभं राहावं, ह्यापेक्षा योग्य काय? गुरुवारी संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणायला लागले. गावदेवी आली, मारुती आला, आपलं घर आलं. विहीर ओलांडली. शत्रुघ्नची आली, तांदळेंची, मोठ्या वाड्याची, पाराजवळची. आणि पाराशी थांबले. पुढचं घर येईना. परत देवांपासून धरलं, परत पाराशी आले. स्टुडिओत मी वहिनीच्या मागं झेल धरत होते, म्हणजे नाव तिनं घ्यायचं आणि मी नुसतं ‘या गो या’ म्हणायचं. जन्मभर तेच करत आले. मांडवात, लहानपणापासून.

विघ्नेश दारात उभा राहून ऐकत होता, मला माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा अडले तेव्हा म्हणाला,

“मग आई, तूही कापतेसच की. फक्त थोडं पुढं.”

उद्धटपणे नाही म्हणाला. तसं म्हणाला असता तर मी सोडलं नसतं. त्या साहेबासमोर मी एकेका नावावर माणूस उठतो म्हणून गरजले होते, आणि मला पारापलीकडचा एकही माणूस उठवता येत नाही.

ह्याचा अर्थ विघ्नेशची चूक लहान झाली असा नाही. रोजनिशीत मी तसं लिहून पाहिलं आणि खोडलं. त्यानं शब्द दिला होता, मी दिला नव्हता. त्याच्यावरचा राग तसाच आहे, साहेबांवरचा तर वाढलाच आहे. पण रिद्धीच्या मांडवात मी अशी उभी राहिले आणि पाराशी अडले, तर ती दुसरी कॅसेट होईल, आणि तेव्हा दोष द्यायला कंपनीही नसेल.

वहिनी गाणार नाही म्हणते, तर तिला गायला सांगू नकोस. कोणीच सांगू नका. गाऊ नकोस, नुसती नावं ओळीनं बोल, मी पाठ करीन, एवढंच मी तिथं येऊन तिला सांगणार आहे. विघ्नेश विचारत होता, मीही येऊ का? मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माझ्या मागोमाग दारात आला तर हाकलू नका. चहा मात्र त्याला आपणहून विचारू नका. मागितला तर द्या.

फ्लॉसीला माझा नमस्कार सांगू नकोस. तो मी स्वतः तिच्या दारात जाऊन करीन, सगळी घरं ओळीनं यायला लागली की. तोवर तिचा फोन बिघडलेलाच बरा.

माझ्यावरचा तुझा राग ओसरला असेल तर तसं कळवू नकोस. लग्नापर्यंत तो मला उपयोगी पडेल.

तुझी,
विनी

रोजनिशीत लिहिलेलं सोमवारचं काम: ऑफिसला न जाता वहिनीच्या पायरीवर बसून पारापुढचं घर विचारणं.